खरं असेल तर कायदा कशाला?

या वेळचं पत्र म्युनिकहून आलंय. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

“आम्ही मूळचे सांगलीचे, पण बरीच वर्षं इकडेच आहोत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मोठ्या चुलतभावानं एक व्हिडिओ टाकला. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. हिटलरनं ६० लाख ज्यू मारले ही थाप आहे, गॅस चेंबर युद्धानंतर बांधून दाखवले, असं त्यात होतं. माझा मुलगा दहावीत आहे, गेल्या वर्षी शाळेबरोबर डाखाऊची छळछावणी पाहून आलाय. त्यानं लगेच लिहिलं, ‘मामा, हे तुम्ही जर्मनीत टाकलं असतं तर पोलीस आले असते.’ त्यावर दादा म्हणाले, ‘म्हणजे तुमच्याकडे बोलायचीसुद्धा चोरी! खरं असेल तर कायद्याचा धाक कशाला? पृथ्वी गोल आहे असा कुणी कायदा करतं का?’ मुलगा गप्प झाला, आणि मलाही काही सुचलं नाही. यजमानांचं म्हणणं, दादांची माहिती चूक आहे पण मुद्दा बरोबर आहे, बोलण्यासाठी तुरुंग नको. मुलगा म्हणतो, असा कायदा भारतातही हवा. तुम्हाला काय वाटतं? आणि दादांना उत्तर काय देऊ? ते वडीलधारे आहेत, संबंध तोडायचे नाहीत.”

ताई,

माझं मत आधीच सांगून टाकते. जर्मनीतला हा कायदा मला योग्य वाटतो, आणि तो भारतात आणायला आज माझा विरोध आहे. म्हणजे यजमानांशी माझा मतभेद जर्मनीपुरता आणि मुलाशी भारतापुरता. का, ते जरा सविस्तर लिहिते.

दादांचा प्रश्न उडवून लावू नका, त्यात दम आहे. पृथ्वी गोल असल्याचा कायदा कुणी करत नाही, खरंय. पण पृथ्वी गोल असल्याचे पुरावे कुणी जाळले नव्हते. ज्यूंच्या संहाराचे पुरावे जाळले गेले, आणि मारणाऱ्यांनीच जाळले. १९४२ च्या उन्हाळ्यापासून पाऊल ब्लोबेल नावाच्या एसएस (नाझींचं सशस्त्र दल) अधिकाऱ्याकडे हेच काम होतं. कैद्यांच्या टोळ्यांकडून पुरलेली प्रेतं उकरून घ्यायची, रचून जाळायची, उरलेल्या हाडांचा चुरा करायचा आणि काम संपलं की त्या कैद्यांनाही मारायचं. ४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन (आजचं पोलंडमधलं पोझनान) इथं एसएसचा प्रमुख हिमलर यानं आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर भाषण केलं. ज्यूंचा नायनाट हे आपल्या इतिहासातलं गौरवाचं पान आहे, पण ते कधी लिहिलं गेलेलं नाही आणि कधी लिहिलं जाणारही नाही, अशा अर्थाचं तो बोलला. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ येऊ लागल्या तेव्हा ऑशविट्झ-बिर्केनाऊ छावणीतल्या गॅस चेंबर आणि प्रेतं जाळण्याच्या भट्ट्या असलेल्या इमारती सुरुंग लावून उडवल्या गेल्या.

तेव्हा ‘असं काही झालंच नाही’ हे वाक्य कुणा शंकेखोर अभ्यासकाला अनेक वर्षांनी सुचलेलं नाही. ते मारेकऱ्यांच्या बेतातच होतं. माणसाला मारून त्याची जमीन बळकावायची आणि मग सातबारावरचं त्याचं नावही खोडून घ्यायचं, त्यातला हा प्रकार आहे. नाव खोडणाऱ्याला आपण वेगळं मत असलेला माणूस म्हणत नाही, गुन्ह्यातला साथीदार म्हणतो.

हे अगदी अलीकडचं पाहायचं तर बोस्नियातलं श्रेब्रेनित्सा पाहा. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेली ती जागा. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्यानं तिथले ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारून सामूहिक खड्ड्यांत पुरले. दोन-तीन महिन्यांत तेच खड्डे बुलडोझर लावून उकरले आणि प्रेतं दूरदूरच्या दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकली, कुणाला काही सापडू नये म्हणून. यंत्रानं देह तुटले. एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन खड्ड्यांत मिळाली. डीएनए जुळला की घरच्यांना निरोप येतो, आणि आईला ठरवावं लागतं: मांडीचं हाड तेवढं मिळालंय, आताच दफन करायचं की आणखी काही सापडेपर्यंत थांबायचं? काही घरांनी दफन उरकलं, पुढे आणखी हाडं मिळाली, तेव्हा कबर पुन्हा उघडली. दरवर्षी ११ जुलैला श्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या दफनभूमीत नव्यानं ओळख पटलेल्यांना मूठमाती देतात. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणानं आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं याला वंशसंहार म्हटलं. तरी त्याच भागातले पुढारी व्यासपीठावरून ते नाकारत राहिले, शिक्षा झालेल्या सेनानींची चित्रं भिंतींवर रंगवली गेली. अखेर जुलै २०२१ मध्ये तिथले तेव्हाचे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी, म्हणजे युद्धानंतरच्या शांतता करारावर देखरेख ठेवणारे अधिकारी, व्हॅलेंटिन इन्झ्को यांनी आपल्या अधिकारात फौजदारी कायदा बदलला, आणि असा नकार ५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा झाला. सर्ब नेत्यांनी देशाच्या संस्थांवर बहिष्कार टाकला. कायदा वरून लादला गेला, तिथल्या लोकप्रतिनिधींनी केला नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. तरीही मी त्या आयांच्या बाजूची आहे. त्यांना परत येऊन त्याच गावात राहायचंय, आणि ज्यांनी मारलं त्यांचे चाहते शेजारी आहेत. ‘तुझा मुलगा मेलाच नाही’ हे त्या गावात नुसतं मत राहत नाही, ती धमकी होते.

आता जर्मन कायदा. दादांचा समज असा दिसतो की शंका विचारली की बेड्या. तसं नाही. जर्मन दंडसंहितेच्या १३० व्या कलमात १९९४ मध्ये ही तरतूद स्पष्टपणे आली. नाझी राजवटीतला वंशसंहार जाहीरपणे किंवा सभेत, सार्वजनिक शांततेला बाधा येईल अशा रीतीनं नाकारणं, क्षुल्लक ठरवणं किंवा त्याची भलामण करणं हा गुन्हा आहे. शिक्षा दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद. त्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयासमोर तुमच्याच म्युनिकमधल्या एका सभेचं प्रकरण आलं. डेव्हिड अर्व्हिंग हा संहार नाकारणारा ब्रिटिश लेखक तिथं बोलणार होता. न्यायालयानं म्हटलं, मताला संरक्षण आहे, पण जे विधान खोटं असल्याचं सिद्ध झालेलं आहे ते मतस्वातंत्र्याच्या आडोशाला उभं राहू शकत नाही. शिक्षण, संशोधन, कला आणि वार्तांकन यांना कायद्यातच मोकळीक आहे.

आकड्यांवर तर इतिहासकार उघड वाद घालत आलेत. राउल हिलबर्ग या विषयातले मोठे अभ्यासक. १९६१ मध्ये त्यांनी मृत ज्यूंचा आकडा ५१ लाखांच्या घरात धरला, इतर बरेच जण ६० लाखांच्या जवळ जातात. हिलबर्गना कुणी नाकारणारा म्हटलं नाही. ऑशविट्झच्या स्मारकावर पूर्वी ४० लाख मृतांचा फलक होता. तो सोव्हिएत चौकशीतून आलेला आकडा. पुढे तिथल्याच संग्रहालयातले पोलिश इतिहासकार फ्रान्सिशेक पिपर यांनी आगगाड्यांच्या नोंदी तपासून तो ११ लाखांच्या आसपास आणला आणि फलक बदलला. नाकारणारे हटकून इथं वजाबाकी करतात, की ऑशविट्झचे २९ लाख कमी झाले तर ६० लाखांतूनही २९ लाख वजा करा. दादांच्या व्हिडिओतही ते असेल. पण ६० लाखांची बेरीज त्या ४० लाखांवर कधीच उभी नव्हती. हिलबर्गनी १९६१ मध्येच ऑशविट्झसाठी १० लाख ज्यू धरले होते, आणि त्यांची एकूण बेरीज तरीही ५१ लाख होती.

डाखाऊचंही असंच आहे. तिथं गॅस चेंबर बांधलेला आहे, पण तो सामूहिक हत्येसाठी वापरल्याचा पुरावा नाही. मार्टिन ब्रोझाट या जर्मन इतिहासकारानं १९६० मध्येच वर्तमानपत्रात पत्र लिहून स्पष्ट केलं होतं की गॅसनं घाऊक हत्या झाल्या त्या मुख्यतः व्यापलेल्या पोलंडमधल्या केंद्रांत: ऑशविट्झ, ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक. नाकारणारे त्या पत्राचा अर्धाच भाग उद्धृत करतात. तुमच्या मुलाला हे सगळं नीट माहीत असायला हवं, नाहीतर एखादा चलाख मामा त्याला ‘तू पाहिलेल्या ठिकाणी गॅसनं घाऊक हत्या झाल्याचा पुरावाच नाही’ एवढं सांगून गारद करेल.

यजमानांची भीती मात्र खोटी नाही, आणि तिचे दाखले माझ्या बाजूच्या दाखल्यांइतकेच ठसठशीत आहेत.

रवांडात १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये सुमारे ८ लाख माणसं मारली गेली, त्यातले बहुसंख्य तुत्सी जमातीचे, आणि मारणारे मुख्यतः हुतू जमातीतले अतिरेकी. रेडिओवरून नावं घेऊन चिथावणी दिली जात होती. त्या देशानं जहरी बोलण्यावर बंदी घालावी हे कुणालाही समजेल. पण २००८ चा कायदा ‘वंशसंहाराची विचारसरणी’ असा ढगळ शब्द घेऊन आला. विरोधी नेत्या व्हिक्टोयर इंगाबिरे जानेवारी २०१० मध्ये परदेशातून परतल्या आणि राजधानी किगालीतल्या वंशसंहार स्मारकाशी म्हणाल्या की मारल्या गेलेल्या हुतूंचीही आठवण ठेवली पाहिजे. त्यांना अटक झाली, इतर आरोपही लागले, आधी ८ वर्षांची शिक्षा झाली आणि वरच्या न्यायालयानं ती १५ वर्षांवर नेली. २०१७ मध्ये आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयानं त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निकाल दिला. २०१८ मध्ये त्या माफीवर सुटल्या.

आणि ह्रांट डिंक. मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त विचार करायला लावणारा माणूस हाच. इस्तंबूलमधला आर्मेनियन पत्रकार, ‘आगोस’ साप्ताहिकाचा संपादक. १९१५ मध्ये ऑटोमन राजवटीत आर्मेनियनांचा जो संहार झाला त्याबद्दल लिहायचा. ‘तुर्कपणाचा अपमान’ केल्याबद्दल त्याला २००५ मध्ये शिक्षा झाली. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या लोकसभेनं उलट बाजूचं विधेयक मंजूर केलं, आर्मेनियन वंशसंहार नाकारणं गुन्हा ठरवणारं. डिंकला आनंद व्हायला हवा होता. त्यानं जाहीर केलं की हा कायदा झाला तर मी फ्रान्सला जाईन आणि माझा विश्वास नसतानाही ‘वंशसंहार झाला नाही’ असं उघडपणे म्हणेन. तीन महिन्यांनी, १९ जानेवारी २००७ ला, त्याच्या कार्यालयासमोरच त्याला गोळ्या घालून मारलं. ज्याच्या पूर्वजांचा संहार झाला, ज्यानं ते बोलण्याची किंमत जिवानं दिली, त्याला सरकारनं इतिहास ठरवणं दोन्ही बाजूंनी नको होतं. फ्रान्सनं २०१२ मध्ये पुन्हा तसा कायदा आणला, पण तो तिथल्या घटना परिषदेनं रद्द केला.

२०१५ चा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा निकाल मला इथं उपयोगी वाटतो. दोऊ पेरिंचेक या तुर्की राजकारण्यानं स्वित्झर्लंडमध्ये आर्मेनियन वंशसंहाराला ‘आंतरराष्ट्रीय असत्य’ म्हटलं, स्विस न्यायालयांनी त्याला दोषी धरलं, आणि युरोपीय न्यायालयानं १० विरुद्ध ७ मतांनी ती शिक्षा अयोग्य ठरवली. कारण असं की स्वित्झर्लंडचा त्या घटनांशी थेट संबंध नाही, आणि त्या भाषणानं तिथं द्वेष भडकल्याचं दिसलं नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया यांची गोष्ट वेगळी, तिथं नकार हा त्यांच्याच इतिहासाच्या संदर्भात ज्यूद्वेष असतो. हा निकाल वाचताना आर्मेनियन माणसाला काय वाटलं असेल हे मनात येऊन मला त्रास होतो. तरी मला तो बरोबर वाटतो. जिथं गुन्हा घडला, जिथं वाचलेले लोक आणि त्यांची मुलंबाळं त्याच रस्त्यावरून चालतात, जिथं खुल्या न्यायालयात पुरावे तपासून निकाल लागलाय, आणि जिथं सरकार या कायद्यानं विरोधकांना गप्प करत नाही, तिथं असा कायदा मला मान्य आहे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर मी यजमानांच्या बाजूला जाऊन बसेन.

मुलाला भारताबद्दल मी हेच सांगेन. वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९५९ मध्येच मान्य केला, पण वंशसंहार हा गुन्हा म्हणून आपल्या दंडसंहितेत कधी आलाच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या एका खटल्याचा निकाल देताना ही पळवाट तातडीनं बुजवा असं म्हटलं, आणि तिथं १९९३ च्या मुंबईचा, २००२ च्या गुजरातचाही उल्लेख केला. ज्या गुन्ह्याला कायद्यात नाव नाही, ज्याचे निकाल वर्षानुवर्षं लागत नाहीत, तो नाकारणं गुन्हा कसा ठरवणार? ते ठरवेल त्या-त्या वेळचं सरकार. आणि ढगळ कायदा हातात मिळाला की पोलीस काय करतात हे आपण २०१२ मध्ये पालघरला पाहिलंय. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर साधं चार ओळींचं लिहिणारी एक मुलगी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्यावेळी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. आधी गुन्ह्याला नाव द्या, खटले चालवा, शिक्षा होऊ द्या. त्यासाठी तुमच्या मुलानं मोठेपणी भांडावं, मला आनंदच होईल.

कायद्यानं नाकारणारे सुधारतात का? नाही. उर्सुला हावरबेक ही जर्मन बाई वयाच्या ८९ व्या वर्षी तुरुंगात गेली, बाहेर येऊन पुन्हा तेच बोलली, २०२४ मध्ये पुन्हा दोषी ठरली आणि त्याच वर्षी ९६ व्या वर्षी वारली. नवनाझींनी तिला हुतात्मा केलं. म्हणून मला दंड पटतो, म्हाताऱ्या माणसाला कोठडी पटत नाही. कायद्याचा उपयोग बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त आहे: वाचलेल्या माणसाला कळतं की देश आपल्या बाजूला उभा आहे.

खोटं उघडं पाडायचं काम कायदा करत नाही, ते वेगळंच करावं लागतं. तुमच्या मुलाला अर्व्हिंगचा लंडनमधला खटला वाचायला सांगा. अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांनी त्याला नाकारणारा म्हटलं, म्हणून त्यानंच बदनामीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे सिद्ध करण्याची जबाबदारी लिपस्टाट यांच्यावर आली. रिचर्ड इव्हान्स या इतिहासकारानं अर्व्हिंगच्या तळटिपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. त्यातला एक नमुना: ३० नोव्हेंबर १९४१ ला हिमलरच्या फोनवहीत नोंद आहे, ‘बर्लिनहून ज्यूंची गाडी. मारायचं नाही.’ अर्व्हिंगनं यावरून लिहिलं की हिटलरनं ज्यूंना मारू नका असा सरसकट हुकूम दिला होता. नोंद एकाच गाडीबद्दल होती. आणि रीगाला पोचलेल्या त्या गाडीतल्या सुमारे हजार माणसांना त्याच दिवशी सकाळी, हा फोन होण्याआधीच, गोळ्या घातल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी ‘थांबावं’ असं होतं, ते अर्व्हिंगनं ज्यूंनी थांबावं असं वाचलं. एप्रिल २००० मध्ये न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला: अर्व्हिंग जाणूनबुजून पुरावे वाकवतो. पुढे २००६ मध्ये व्हिएन्नाच्या न्यायालयानं त्याला ३ वर्षांची शिक्षा दिली तेव्हा लिपस्टाट यांनीच ती नको म्हटलं. त्यांचं काम लंडनमध्ये झालेलं होतं.

दादांशी ग्रुपवर भांडू नका. तिथं बाकीची मंडळी बघत असतात, मग वडीलधाऱ्या माणसाला मागं सरणं जड जातं. फोन करा. म्हणा, ‘दादा, व्हिडिओतला तुम्हाला सगळ्यात पटलेला एकच मुद्दा सांगा, आम्ही दोघं मिळून मूळ कागद शोधतो.’ एकच मुद्दा. दहा घेतलेत तर दहाही अर्धवट राहतील. आणि हे सगळं परक्या देशातलं आहे असं त्यांना वाटत असेल तर मुंबईची आठवण करून द्या. १९३८ मध्ये व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेले एमॅन्युएल श्लेसिंगर मुंबईत राहिले आणि आरा, हुसेन, रझा हे नवखे असताना त्यांची चित्रं विकत घेत राहिले. ते कशापासून पळून आले, हे दादांना विचारा. उत्तर त्यांनाच देऊ द्या.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, तीही आजच करा. जर्मनीत १४ व्या वर्षापासून फौजदारी जबाबदारी लागू होते. घरच्या चार माणसांतलं बोलणं आणि शेकडो जणांच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकणं यात कायद्याच्या दृष्टीनं फरक पडू शकतो, त्यामुळे मुलाला सांगा की ‘बघा माझा मामा काय पाठवतो’ म्हणूनसुद्धा ती क्लिप वर्गाच्या ग्रुपवर टाकायची नाही. फोनमधून काढून टाका. त्यातल्या मुद्द्यांवर बोलायचं असेल तर कागदावर लिहून त्यानं आपल्या इतिहासाच्या शिक्षकांकडे जावं. अभ्यासासाठी विचारायला तिथं पूर्ण मोकळीक आहे, आणि दादांच्या त्या एका मुद्द्याचे मूळ कागद कुठं मिळतील हेही तेच सांगतील.